आर बटणावरची चिकटपट्टी

आमच्या घरात मासे बाबा साफ करतात. मीरा रोडला शांती नगरमध्ये राहायला आल्यापासून करतात, आणि त्याआधी भाईंदरच्या खोलीत होतो तेव्हाही तेच करायचे. आई भाईंदर गावातली, कोळ्यांची मुलगी. बाबा घाटावरचे, लग्न होईपर्यंत त्यांनी मासा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. तेव्हा हे काम कुणाच्या वाट्याला जायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. पण ते बाबांच्या वाट्याला आलं, आणि त्याला कारण एक कॉम्प्युटर आहे.

हे सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या कॉम्प्युटरवरून झालेली सगळी भांडणं माझ्या डोक्यावर झाली आहेत.

कॉम्प्युटर म्हणजे आताचा नव्हे. बाबांच्या आखातातल्या चुलतभावानं येताना आणलेला, शाळेच्या पाटीएवढा काळा डबा, वर खोडरबरासारखी मऊ बटणं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्हीला जोडावा लागायचा. आत काही साठवून ठेवायची सोयही नव्हती. वीज गेली की डोकं कोरं. म्हणून प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात उतरवून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर वायरीनं जोडून तो आवाज त्याला परत ऐकवायचा. पाच मिनिटं ती किंचाळी ऐकली की त्याला कालचं सगळं आठवायचं.

ती वायर जिथे खुपसायची त्या भोकावर इंग्रजीत ‘कान’ असं लिहिलेलं होतं. त्यावरून बाबांनी घरात नियम केला की तो ऐकत असताना कुणी बोलायचं नाही, नाहीतर आपली बडबडही त्याच्या डोक्यात जाईल. आवाज वायरीतून जात होता. समोर बँड वाजला असता तरी त्याला पत्ता लागला नसता. पण आई बिचारी तेवढा वेळ कुकर उतरवून ठेवायची. माझं मत विचाराल तर बाबांना घरात पाच मिनिटं शांतता हवी होती आणि ती मिळवायला दुसरा मार्ग नव्हता.

बाबा काशीमीऱ्याला एका कारखान्यात होते. डब्यासोबत आलेलं पुस्तक वाचून वाचून त्यांनी स्वतःच एक खेळ लिहिला. वर होडी, खालून मासे जातात, बटण दाबून जाळं सोडायचं. वेळ संपली की सगळ्यात जास्त मासे पकडणाऱ्याचं नाव पडद्याच्या माथ्यावर राहायचं. नावं दोनच होती, इंग्रजी अक्षरांत: नवरा आणि बायको. माझी सोय केली नव्हती, कारण मी तेव्हा रांगत होते.

आणि मग या दोघांनी पैज लावली. माथ्यावर ज्याचं नाव असेल तो आराम करणार, दुसऱ्यानं मासे साफ करायचे. बाबांना वाटलं, खेळ आपण लिहिला, आपण हरतोय कशाला. आईला वाटलं, होडी आपली, जाळं आपलं, हा घाटावरचा काय पकडणार. रोज संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे. मी पाळण्यात रडत असायचे, असं माझी मावशी सांगते.

एकदा आईनं चुकून इंग्रजी ‘आर’ अक्षराचं बटण दाबलं. त्या कॉम्प्युटरवर एकेका बटणात एकेक हुकूम भरलेला असायचा, आणि आरमध्ये होता ‘पहिल्यापासून सुरू कर’. खेळ सुरू झाला, पण जुने सगळे आकडे पुसले गेले आणि बाबांचं माथ्यावरचं, अजून कॅसेटवर न उतरवलेलं नाव गेलं. आकडे न पुसता खेळ सुरू करायला ‘जी’ अक्षराचं बटण दाबावं लागायचं. बाबांनी त्या दिवशी इतका आरडाओरडा केला की शेजारी आले. मग त्यांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी कापून आर बटणावर लावली. ती पट्टी अजून आहे.

शेवटची संध्याकाळ आली ती कुणालाही न सांगता. बाबा खेळले, जिंकले, कॅसेटवर उतरवलं आणि खाली पान खायला गेले. आईचं म्हणणं असं, की ते पान खात असताना ती पुन्हा खेळली, त्यांच्यावर मात केली आणि तेही कॅसेटवर उतरवलं. बाबांनी काही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी खेळ लावून खात्री करायची होती, पण सकाळीच माझा मामा हळदीच्या कार्यक्रमासाठी टेपरेकॉर्डर मागून घेऊन गेला, आणि तो होडीतून नेताना खाडीत पडला. मामा नव्हे, टेपरेकॉर्डर. बाबा आजही म्हणतात की हा कट होता.

पुढे नवा टेपरेकॉर्डर आला नाही, माझी बालवाडी आली, आणि कॉम्प्युटर आईच्या जुन्या साडीत बांधून माळ्यावर गेला. पुराव्याअभावी निकाल कोण देणार? स्वयंपाक जिच्या हातात तिनं दिला. बाबा मासे साफ करायला लागले. चिडून, बडबडत, पण लागले. आणि एक गोष्ट सांगायला हवी, आई उदार मनानं जिंकली. माशाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, निघाली की ती अख्खी बाबांच्या ताटात जायची. मी लहानपणी त्या गाबोळीसाठी जमिनीवर लोळून रडले आहे. मला कधी मिळाली नाही.

या वर्षी एका रविवारी बाबांच्या समोर मांदेली होती. मांदेली ज्यांनी साफ केली असेल त्यांनाच कळेल. बोटाएवढा मासा, आणि असे परातभर. बाबांना आता नीट दिसत नाही, आणि बसलं की उठताना कुणाला तरी ओढावं लागतं. त्यांनी कात्री परातीत टाकली आणि म्हणाले, “आता बास. मला पुरावा पाहिजे.”

“कसला पुरावा?” मी विचारलं.

“कॅसेट माळ्यावर त्या कॉम्प्युटरसोबतच आहे. वाजव आणि दाखव. तिचं नाव निघालं तर मरेपर्यंत करीन. माझं निघालं तर ही परात तिच्याकडे.”

आई कांदा चिरत होती. म्हणाली, “दाखव की. मी कुनाला भीत न्हाय.” पण हे बोलताना तिनं मान वर केली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी तिरसट बाई आहे. शांतपणे ‘बघू हं बाबा’ म्हणून विषय टाळणं मला जमत नाही. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूनच टाकू, म्हणजे माझे रविवार तरी सुटतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माळ्यावरून साडीचं गाठोडं काढलं. कॉम्प्युटर जिवंत निघाला, निदान त्याचा ॲडॅप्टर गरम व्हायला लागला. पण आमच्या भिंतीवरच्या चपट्या टीव्हीनं त्याला ओळखच दाखवली नाही. निळा पडदा, त्यावर ‘सिग्नल नाही’. आणि कॅसेट वाजवायला घरात काहीच नव्हतं. चौकशी करता कळलं की आमच्या बरोबर वर राहणाऱ्या जैन काकांकडे या दोन्ही वस्तू चालू आहेत. टेपरेकॉर्डरवर ते सकाळी स्तवनं ऐकतात, आणि ट्यूबचा जुना टीव्ही त्यांनी टाकलेला नाही, कारण त्यावर फुलदाणी छान राहते. सुनेच्या चपट्या टीव्हीवर फुलदाणी राहत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

आधी टेपरेकॉर्डर खाली आणला. जुनी टेप किती वेळा चालेल याचा भरवसा नव्हता, म्हणून एकदाच वाजवायची आणि आवाज लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा असं मी ठरवलं. एका टोकाला टेपरेकॉर्डर, दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप, मध्ये वायर. आईनं सवयीनं कुकर उतरवला. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. मी म्हटलं, “अहो, बोललं तरी चालतं, आवाज वायरीतून जातो.” दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मीही गप्प बसले.

लॅपटॉपवर आवाजाची रेघ उमटत गेली. आधी सरळ शिट्टी, मग किसणीवर पत्रा घासावा तसा खरखराट. शेवटचा खरखराट संपला आणि टेप टचकन तुटली. बाबांनी छातीला हात लावला. मी सांगितलं, “काळजी करू नका, सगळं आत आलंय.” आईनं तुटलेल्या टेपकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं.

टीव्ही खाली आणायला दोन हमाल लागले असते, म्हणून आम्हीच वर गेलो. म्हणजे मासे कुणी साफ करायचे या खटल्याची सुनावणी जैन काकांच्या दिवाणखान्यात भरली. त्यांच्याकडे झोपाळा आहे, त्यावर त्यांनी आईला बसवलं. “बेसो, बेसो,” म्हणाले आणि समोर खाकरे ठेवले. मग विचारलं, “भाभी, झगड़ा किस बात का है?”

आमचे तिघांचे चेहरे पडले. आई म्हणाली, “भाजी का. घर में भाजी कौन साफ करेगा, उसका.”

“पालक?”

“पालक भी,” बाबा म्हणाले.

काकांनी मान हलवली. पालक निवडणं कंटाळवाणं असतं हे त्यांना मान्य होतं.

मी लॅपटॉपची हेडफोनची वायर कॉम्प्युटरच्या कानात खुपसली, आवाज पूर्ण वाढवला आणि फाईल वाजवली. टीव्हीच्या कडेनं निळे-पिवळे चट्टेपट्टे धावायला लागले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनाही खुणेनं गप्प राहायला सांगितलं होतं, त्यामुळे तेही खाकरा तोंडात धरून, न चावता बसले होते. चार जण श्वास रोखून बसलेले असताना लॅपटॉप ‘टिंग’ झाला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की आज पाणी येणार का. ती टिंग सरळ वायरीतून कॉम्प्युटरच्या कानात गेली आणि पडद्यावर चूक झाल्याची ओळ उमटली.

“बघ,” बाबा म्हणाले, “म्हणून मी बोलू देत नव्हतो.” इतक्या वर्षांनी त्यांचा नियम खरा ठरला होता, आणि तो मोडला होता मी. माझ्या तोंडाला आलेला शब्द मी काकांच्या घराचा मान ठेवून गिळला. लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं, फोन स्वयंपाकघरात ठेवून आले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

या वेळी शेवटपर्यंत गेलं. चट्टेपट्टे थांबले, पडदा पांढरा झाला, खाली ‘ठीक’ अशा अर्थाची छोटी ओळ आली. खेळ आत होता, आकडे आत होते, आता फक्त ‘जी’ बटण दाबायचं बाकी होतं. बाबा चष्मा पुसत होते. मी वायर सोडवायला वाकले. तेवढ्यात झोपाळ्याची कडी करकरली, आई उठून आली आणि तिनं बटण दाबलं. एक बटण आणि मग एंटर, सराईत बोटांनी.

होडी आली, मासे आले. माथ्यावर नाव नव्हतं. फक्त शून्य.

“माजं बोट लागलं,” आई म्हणाली.

त्या डब्यावर चाळीस बटणं असतील. त्यांतल्या एकाच बटणावर चिकटपट्टी होती, आणि तिचं बोट नेमकं त्यावर लागलं होतं.

“चोराच्या मनात चांदणं,” बाबा ओरडले. “काका, देखा आपने? हारी थी, इसलिए मिटा दिया. सबूत मिटा दिया.”

काकांचं लक्ष पडद्यावर होतं. “ये नीचे क्या जा रहा है?”

बाबा गडबडले. “मोती,” म्हणाले. “होडी से मोती पकड़ते हैं.”

“मोती को पूँछ होती है?”

मग काकाच शांतपणे म्हणाले, “भाईसाब, इतने साल से आपके ऊपर रहता हूँ. नाक मेरी भी है.” आणि त्यांनी उरलेला खाकरा खाल्ला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचा अर्धा दिवस गेला होता.

आई मात्र आता निवांत झाली होती. झोपाळ्यावर परत जाऊन बसली, पायानं झोका घेतला आणि मला म्हणाली, “जाऊ दे. टेप बी तुटली. आता काय कळनार न्हाय.”

“आई, फाईल लॅपटॉपमध्ये आहे.”

“ती तर वतलीस ना यात.”

तिचा हिशोब मला तेव्हा समजला. तिला वाटलं होतं की कळशीतलं पाणी हंड्यात ओतावं तशी मी फाईल ओतली, आणि आता लॅपटॉप रिकामा झाला. मी सांगितलं की ओतली तरी मूळ जागी तेवढीच राहते, हवी तितक्या वेळा ओतता येते. आईनं पाय टेकवून झोपाळा थांबवला.

तिसऱ्यांदा फाईल वाजवली. पुन्हा सगळे गप्प. मी आईकडे पाहत होते, आणि मला तिची दया यायला लागली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. हरली तर मांदेलीची परात तिच्याकडे येणार होती, पण तिला परातीची भीती नव्हती. कोळणीची मुलगी ती, मासे तिनं झोपेत साफ केले असते. इतकी वर्षं ताठ मानेनं सांगितलेली गोष्ट खोटी निघणार होती, तीही परक्याच्या घरात, आमच्यासमोर.

या वेळी ‘जी’ बटण बाबांनी स्वतः दाबलं. होडी आली, मासे आले. आणि माथ्यावर नाव होतं, बायको. पुढचा आकडा बाबांना पाठ असलेल्या त्यांच्या आकड्यापेक्षा एकानं जास्त. फक्त एका माशानं.

बाबा खुर्चीत बसले. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि आईला म्हणाले, “भाभी, जीत गईं आप. पालक इनका.”

आई हसली नाही. पडद्याजवळ जाऊन तिनं ते नाव बोटानं वाचलं. “म्हंजे लाल बटन दाबलेलं व्हतं,” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. कॅसेटवर उतरवायचं तर टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबावी लागत, वाजवायचं आणि शेजारचं लाल. त्या संध्याकाळी ती जिंकली खरी, पण तेवढ्यात भात उतू गेला, आणि घाईत तिनं दोन बटणं दाबली की एकच, हे तिला आठवतच नव्हतं. रात्रभर आठवून पाहिलं. सकाळी टेपरेकॉर्डर गेला, खाडीत पडला, आणि ती ‘दाबलं’ असं जे बोलून बसली ते बोलतच राहिली.

“दर आयतवारी मना वाटायचं, हा माणूस उगाच माजे मासे साफ करतो,” आई म्हणाली. “मनाला टोचायचं. म्हनून तर ती गाबोळी देत व्हते तुमाला.”

बाबांनी चष्मा काढला. मासे आपल्यावरच राहिले याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. पण गाबोळीचं ऐकल्यावर ते चष्मा हातात धरूनच उठले आणि तसेच जिना उतरले. मी मागून कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं घेऊन उतरत होते. ते धरायला मात्र कुणी आलं नाही.

पुढच्या रविवारी आई बाजारातून बोय मासा घेऊन आली. बाबांनी न सांगता पाट मांडला, खवले काढले, पोट कापलं. आत गाबोळी होती, चांगली बोटभर जाड. त्यांनी ती नेहमीसारखी वेगळ्या वाटीत काढून ठेवली. आईनं ती तळली, पानं वाढली आणि तळलेली गाबोळी स्वतःच्या ताटात घेतली.

बाबांनी ते पाहिलं. भात कालवला, घास न घेताच म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं ती प्रेमाची नव्हतीच.”

मी वाटीत तोंड घातलं. आई विचार करत होती. खोटं बोलायची सवय मोडलेली असल्यामुळे तिला वेळ लागला. “पयली काही वर्षं भीतीची व्हती,” ती म्हणाली. “मंग कशाची व्हती ते मना बी ठाव न्हाय.”

बाबांनी मान हलवली आणि घास घेतला. आईनं गाबोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि मग उरलेल्यातला मोठा तुकडा उचलून बाबांच्या भातावर ठेवला.

“आता मी जिंकलेली हाय,” ती म्हणाली. “आता कुनाला काय देणं लागत न्हाय. ही माज्या मनानं देते. खावा गप.”

बाबांनी खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मला त्या दिवशीही मिळाली नाही.